आमचा भाचा हातवारे करतो

माझ्या भाच्याला वाद्य नाही. म्हणजे आहे, पण ते ऐंशी माणसांचं आहे आणि ती माणसं त्याच्याकडे नाहीत. दुसऱ्यांची पोरं गिटार मागतात. बापाच्या मागे लागून दसऱ्याला ती पदरात पाडून घेता येते. तबला-डग्गा कॉटखाली मावतो. आमच्या चिरंजीवांना पन्नासेक व्हायोलिन-व्हायोला-चेलोवाले, बासरी, ओबो, क्लॅरिनेट आणि बॅसूनच्या जोड्या, चार हॉर्न, तीन ट्रॉम्बोन आणि सगळ्यांच्या मागे तांब्याचे नगारे बडवणारा एक गृहस्थ लागतो. एवढा मेळा जमला की हा त्यांच्यापुढे उभा राहणार आणि स्वतः काहीही वाजवणार नाही.

इंजिनिअरिंगचा शेवटचा पेपर देऊन आला त्याच संध्याकाळी त्याने हे जाहीर केलं. कंडक्टर म्हटल्याबरोबर जो विनोद आत्ता तुमच्या ओठांवर आलाय, तो त्या रात्री आमच्या घरात प्रत्येकाने एकेकदा करून घेतला. माझ्या आईचा तेवढा विनोद नव्हता. तिला खरोखरच आनंद झाला होता. सरकारी नोकरी, खाकी कपडे, म्हातारपणी पेन्शन. तिची समजूत काढायला तासभर लागला आणि त्यानंतर ती दोन दिवस उदास होती.

भाऊजींचा जन्म हिशेब तपासण्यात गेलेला. त्यांनी मुद्द्यालाच हात घातला.

"तू वाजवणार काय?"

"काही नाही, बाबा."

"गाणार?"

"नाही."

"मग लोक तिकीट कशाचं काढणार?"

"ऑर्केस्ट्राचं."

"आणि त्यात तू काय करणार?"

भाच्याने दोन्ही हात हवेत उचलले, क्षणभर तिथेच धरले आणि खाली आणले.

"हे मी रोज ऑफिसात करतो," भाऊजी म्हणाले.

नातेवाइकांचा घोळ वेगळाच. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे नवरात्रातला; त्यात चमकीचं जाकीट घातलेला एक जण किशोरकुमार होतो, एक मुलगी लता आणि आशा दोन्ही होते. त्यामुळे "किशोरची गाणी कोण म्हणतं तुमच्यात?" हा प्रश्न भाच्याला इतक्यांदा ऐकावा लागला, की शेवटी तो "ब्राह्म्स" असं एका संगीतकाराचं नाव सांगून मोकळा होऊ लागला. मावशींना ते बंगाली नाव वाटलं.

तसा दोष ताईचाच. लहानपणी तिने त्याला डोंबिवलीहून दर रविवारी दादरला व्हायोलिनच्या क्लासला नेलं. सर गोव्याचे. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत पोरांना धर्माबरोबर पाच रेघांवरचं संगीत वाचायलाही शिकवत, आणि तिथून मुंबईला आलेल्या वादकांच्या जिवावर हिंदी सिनेमाची गाणी उभी राहिली. शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागच्या व्हायोलिनच्या लाटा सेबॅस्टियन डिसूझांनी कागदावर उतरवलेल्या असत. ताईची अपेक्षा एवढीच, की पोराने स्नेहसंमेलनात एखादं गाणं वाजवावं. पण एके दिवशी सरांना खोकला आला म्हणून त्यांनी याला पुढे उभं करून बाकीच्या मुलांना ताल द्यायला सांगितलं. पोरगा तिथेच बिघडला. आपण नुसता हात हलवला की दुसऱ्यांना काम करावं लागतं, हे सुख ज्याला वयाच्या बाराव्या वर्षी कळलं त्याचा इंजिनिअर कसा होणार?

जाहीरनाम्याच्या रात्रीच ताईने झुबिन मेहता बाहेर काढला. त्यानंतर आमच्या घरात झुबिन मेहता जितक्या वेळा निघाला तितका त्यांच्या स्वतःच्या घरातही निघाला नसेल.

"मुंबईचाच मुलगा," ताई म्हणायची. "झेवियर्समध्ये डॉक्टरकीच्या वाटेवर होता. ते सोडलं आणि १९५४ साली, अठराव्या वर्षी, व्हिएन्नाला गेला. १९५८ ला लिव्हरपूलची स्पर्धा जिंकली. सव्विसाव्या वर्षी लॉस एंजेलिसचा ऑर्केस्ट्रा हातात!"

"त्याच्या वडिलांनी १९३५ सालीच बॉम्बे सिम्फनी काढून ठेवली होती," भाऊजी म्हणायचे. "मी काय काढून ठेवलंय? पीपीएफ."

लॉस एंजेलिसच्या कथेतला एक भाग ताई सोयीने गाळायची. तिथे मुख्य म्हणून जॉर्ज शोल्टी येणार होते. त्यांना न विचारता मेहतांना सहायक नेमलं, म्हणून १९६१ साली शोल्टी रागावून निघून गेले आणि गादी रिकामी झाली. या धंद्यात गुणवत्ता लागतेच, पण एखाद्या मोठ्या माणसाने योग्य मुहूर्तावर रुसावंही लागतं. भाऊजींनी तेवढ्यात आणखी एक आकडेमोड केली. मुंबईला एनसीपीएमध्ये २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे; देशातला व्यावसायिक म्हणावा असा तेवढाच. "एकशे चाळीस कोटी लोकांत एक ऑर्केस्ट्रा, आणि त्यात उभं राहायला एक चौथरा. एवढी स्पर्धा यूपीएससीलाही नाही."

तरी पोरगा गेला. नोकरी करून पैसे साठवले, थोडे भाऊजींच्या त्याच पीपीएफमधून निघाले आणि व्हिएन्नाला प्रवेश मिळाला. तिथे गेल्या गेल्या तो एका गायकवृंदात भरती झाला. ताई हरखली, निदान गातो तरी आहे असं चारचौघांत सांगता येऊ लागलं. कारण मात्र वेगळं होतं. श्रोत्यांना संचालकाची पाठ दिसते, तोंड दिसतं ते फक्त वाजवणाऱ्यांना आणि गाणाऱ्यांना. विद्यार्थी असताना मेहता आणि क्लाउदिओ अब्बादो यांना मोठ्या उस्तादांच्या तालमींत बाहेरच्यांना प्रवेश नाही असं कळलं, तेव्हा दोघेही गायकवृंदात खर्ज लावायला उभे राहिले आणि करायानसारख्या संचालकांचे हात समोरून बघू लागले. आमचाही तिथे खर्ज लावून उभा. "गातोस ना नीट?" ताईने फोनवर विचारलं. "नुसतं तोंड हलवतो," तो म्हणाला. हातांच्या आधी तोंड हलवायला शिकला म्हणायचं.

पहिल्या सुट्टीत आला तेव्हा उजवा हात शिकून झाला होता, डावा बाकी होता. उजव्याने ताल दाखवायचा: चारचा असेल तर खाली, डावीकडे, उजवीकडे, वर, तीनचा असेल तर खाली, उजवीकडे, वर. डाव्याने उरलेला सगळा प्रपंच, म्हणजे आता कुणी सुरू करायचं, कुणी दम धरायचा, कुणाचं पाप आपल्या लक्षात आलंय. दोन्ही हातांनी एकच काम करणं हा मोठा गुन्हा. ती सवय मोडावी म्हणून गुरुजींनी डावा हात खिशात ठेवायला लावला होता. तो तसा खिशात हात घालून घरभर फिरू लागल्यावर आईला वाटलं, परदेशात पोराचा हात गेला. तिने नारायण तेलाची बाटली काढली.

सरावाला आरसा हवा. घरातला मोठा आरसा ताईच्या कपाटाला आणि कपाट खिडकीसमोर. रात्री साडेदहाला दिवा लावून, कानात यंत्र खुपसून हा कुणाला तरी गप्प करतोय, कुणाला तरी पुढे बोलावतोय. समोरच्या इमारतीतल्या काकूंनी पहिल्यांदा पडदा लावून घेतला. मग त्यांच्या नातवाने उलट हात हलवून उत्तरं द्यायला सुरुवात केली. शेवटी वॉचमन धापा टाकत वर आला. "साहेब, मघापासून बोलावताय. खाली गाडी काढायची आहे का कुणाची?"

त्यानंतर खुर्च्या आल्या. कुठलं वाद्य कुठे बसतं ते अंगात मुरायला हवं. ऐनवेळी ओबो शोधत बसलं तर ओबोची वेळ निघून जाते. म्हणून डायनिंगच्या, प्लास्टिकच्या, आईची आरामखुर्ची धरून घरातल्या सगळ्या खुर्च्या हॉलमध्ये अर्धगोलात मांडल्या गेल्या आणि जेवणं जमिनीवर आली. पाहुणा दारात दिसला की ताई ओरडायची, "अहो, तिथे नको, तिथे दुसरा क्लॅरिनेट आहे!" मला चौथ्या हॉर्नवर बसवलं. माझं काम म्हणजे साठेक बार गप्प बसायचं आणि इशारा आला की मान वर करायची. ऑफिसात मी हेच करत आल्यामुळे मला ते पहिल्या फटक्यात जमलं; ऑर्केस्ट्रातला सर्वात विश्वासू वादक म्हणून भाच्याने माझं नाव घेतलं. तळमजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर मेंटेनन्सची पावती घेऊन आले ते नेमके नगाऱ्यांवर टेकले. तेवढ्यात सिम्फनी नगाऱ्यांपाशी पोचली. भाच्याने डोळे वटारले आणि सगळा हात झोकून त्यांच्याकडे बोट रोखलं.

"असं काय बघतोस?" ते तडकून उठले. "मागच्या महिन्याचे तुमचेच बाकी आहेत!"

मला या विद्येतलं काही कळत नाही. पण भाऊजी पेटी वाजवतात, त्यामुळे त्यांना थोडं कळतं, आणि म्हणून त्रास जास्त होतो. भाच्याने एकदा त्यांच्यापुढे स्कोअर उघडला. पानावर वरपासून खालपर्यंत वीस-बावीस ओळी, प्रत्येक वाद्याची वेगळी, आणि त्या सगळ्या एकाच वेळी वाचायच्या. तेही एक वेळ चाललं असतं.

"हा क्लॅरिनेट," भाचा म्हणाला. "याच्या कागदावर सा लिहिला की वाजतो कोमल नी."

"बिघडलाय?"

"नाही, तो तसाच असतो. आणि हा हॉर्न. याचा सा म्हणजे मंद्रातला म."

"मग कोमल नीच लिहा की!"

"बाबा, शेकडो वर्षांची पद्धत आहे."

"म्हणजे कागदावर एक, प्रत्यक्षात दुसरं, आणि संचालकाने मनातल्या मनात ताळा जमवायचा?" भाऊजींच्या चेहऱ्यावर प्रथमच काहीतरी उजळलं. "मग हे ऑडिट आहे!" त्या दिवसापासून त्यांनी या विषयाला विरोध केला नाही.

बेथोव्हेनची पाचवी सिम्फनी सगळ्यांना माहीत असते. ज्यांना नसते त्यांनाही त्या पहिल्या चार ठोक्यांची ओळख असते. पण त्या ठोक्यांच्या आधी कागदावर एक विराम आहे हे कुणाला माहीत नसतं. सिम्फनीची सुरुवातच गप्प बसण्याने होते. विद्यार्थ्याला खरा ऑर्केस्ट्रा हातात देत नाहीत, फार महाग पडतो. दोन पियानोवाले बसवतात आणि तोच ऑर्केस्ट्रा समजायचा. आमच्या भाच्याने त्या दोघांना विराम दाखवला. एक जण विरामावरच सुरू झाला, दुसरा विरामातच राहिला. गुरुजी म्हणाले, "विराम दाखवताना तुझ्या चेहऱ्यावर शंका होती." तेव्हापासून हा आरशासमोर शंका नसलेला चेहरा करत असे. तो चेहरा बघून आईने दृष्ट काढली.

आणि मग गणपती आले. सुट्टी असते तिथे, ऑक्टोबरपर्यंत. कल्पना भाऊजींचीच: "ऐंशी माणसं हवी होती ना तुला? घे."

सोसायटीच्या आरतीला माणसं ऐंशीच्या वर होती. शिवाय झांजा, टाळ, एक ढोलकी, आणि प्रत्येकाची खासगी लय. भाचा मूर्तीसमोर, लोकांकडे तोंड करून उभा राहिला. लगेच पहिली हरकत आली. "देवाकडे पाठ?" तो वळला. आता तोंड गणपतीकडे आणि पाठ वादकांकडे. ज्याला उपजतच चार हात आहेत तो समोर शांत बसलेला, आणि दोन हातांचा हा त्याला ताल देतोय. शेवटी तडजोड म्हणून त्याला समईच्या बाजूला तिरका उभा केला. त्याने पहिल्या ठोक्याआधीचा इशारा म्हणून दोन्ही हात उंच नेले. व्हिएन्नात त्यावर ऐंशी माणसं श्वास घेतात. आमच्याकडे कुणीतरी ओरडलं, "गणपती बाप्पा!" आणि सगळी सोसायटी म्हणाली, "मोरया!"

पुढच्या खेपेला हात खांद्याच्या वर न नेता आरती सुरू झाली. पुढची म्हातारी मंडळी विलंबितात, मागची पोरं प्रसादाच्या आशेने द्रुतात. झांजेवर बँक मॅनेजर डोळे मिटून. करायानही डोळे मिटूनच संचालन करत, पण ती मुभा चौथऱ्यावरच्या माणसाला असते. लोटांगणाचा भाग आला की आपल्याकडे लय सुटते. तिथे भाच्याने डावा हात, तो महिनोन्महिने खिशात जपलेला हात, बाहेर काढला आणि तळवा खाली करून "हळू, हळू" असं दाखवलं. पुढच्या दोन रांगा खाली बसल्या. त्या बसल्या म्हणून मागचे बसले. मंत्रपुष्पांजली बसूनच झाली. तिचे शब्द कुणालाच येत नाहीत त्यामुळे पहिल्यांदाच सगळे एका सुरात होते. सेक्रेटरींनी आभार मानताना "आपल्या इमारतीतल्या तरुणाने आरतीबरोबर योगप्रकार सादर केले" असा आवर्जून उल्लेख केला.

रात्री मी त्याची समजूत काढायला बसलो, तर तोच मला गोष्टी सांगू लागला. खुद्द बेथोव्हेन म्हणे हळू वाजवायची जागा आली की मेजाखाली दडत असे आणि जोरात वाजवायची आली की उडी मारून उभा राहत असे; लुई श्पोर नावाच्या व्हायोलिनवाल्याने हे लिहून ठेवलंय. ऐकू येत नसल्यामुळे एकदा तो उडी मारून वर आला तेव्हा ऑर्केस्ट्रा अजून खालीच होता. ७ मे १८२४ ला नववी सिम्फनी पहिल्यांदा वाजली तेव्हा उमलाउफ नावाच्या संचालकाने वादकांना आधीच बजावून ठेवलं होतं की बेथोव्हेनकडे बघू नका, माझ्याकडे बघा. मॉस्कोत १९२२ साली तर संचालकच नको म्हणून त्याच्याशिवायचा ऑर्केस्ट्रा निघाला. सगळे समान, सगळे एकमेकांकडे बघून वाजवणार. दहा वर्षं चालला. "मग?" मी विचारलं. "मग बंद पडला." मला त्यात नवल वाटलं नाही. आमच्या सोसायटीत चौदा जणांची समिती पाण्याची टाकी धुण्याचा दिवस ठरवू शकत नाही.

परत जाताना विमानतळावर काठी अडली. संचालकाची काठी म्हणजे पांढरी, वीतभराहून थोडी मोठी, टोकाला बारीक आणि मुठीला बूच लावलेली.

"यह क्या है?" जवानाने विचारलं.

"बॅटन."

"किसलिए?"

"ऑर्केस्ट्रा के लिए."

"करके दिखाओ."

रांगेतल्या लोकांनी बॅगा खाली ठेवल्या. भाच्याने मोजे घातलेल्या पायांवर उभं राहून, पट्टा ट्रेमध्ये आणि पँट डाव्या हाताने धरून, ब्राह्म्सची पहिली पानं केली. जवानाने शेवटपर्यंत पाहिलं.

"इसमें आवाज़ कहाँ है?" तो म्हणाला आणि काठी परत दिली. आवाज नाही म्हणजे धोका नाही. ताईला मात्र धोका दिसत होता. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारातला लुली जाडजूड दंड जमिनीवर आपटून ताल देत असे. तो एकदा स्वतःच्याच पायावर आपटला, जखम चिघळली आणि १६८७ साली गेला बिचारा. हे कुठूनसं कळल्यापासून ताई दर फोनला विचारते, "बूट जाड आहेत ना?"

शिक्षण संपलं आणि स्पर्धा सुरू झाल्या. भाच्याचा या बाबतीतला देव म्हणजे सेइजी ओझावा. रग्बी खेळताना बोटं दुखावली म्हणून त्याचा पियानो सुटला. १९५९ साली जपानहून मालवाहू बोटीने मार्सेयला उतरला, बरोबर एका जपानी कंपनीने दिलेली स्कूटर. तिच्यावर बसून फ्रान्सभर हिंडला आणि बेझांसाँची स्पर्धा जिंकला. भाऊजींनी ही गोष्ट लक्षपूर्वक ऐकली आणि त्यांच्या हाती लागलं ते एवढंच, की कंपनीने स्कूटर फुकट दिली होती. आमच्या भाच्याला बाद होण्याचा अनुभव लवकरच चांगला आला. पहिल्या फेरीत पंधरा-वीस मिनिटं मिळतात. अनोळखी ऑर्केस्ट्रा, समोर परीक्षक. त्याने वादकांना सांगितलं, "इथे पहाटेच्या दवावर पहिलं ऊन पडतंय, पण अजून त्याला स्वतःची खात्री नाही, असं काहीतरी हवं."

चेलोवाल्या आजोबांनी चष्मा वर केला. "म्हणजे हळू?"

"हो."

"ठीक आहे."

त्यांनी कागदावर पेन्सिलीने एक खूण केली. दव संपलं.

बऱ्याच खटपटींनंतर एका ऑर्केस्ट्रात सहायक म्हणून जागा मिळाली. सहायकाची कामं दोन. तालमीच्या वेळी रिकाम्या प्रेक्षागृहात मागच्या रांगेत बसून ट्रम्पेट फार होतायत का ते सांगायचं. आणि रंगमंचाबाहेर काही वाजवायचं असेल तर ते बघायचं. त्याचा पहिला जाहीर कार्यक्रम ठरला तेव्हा ताईने अख्खा मजला बोलावला. माहलरची दुसरी सिम्फनी, दीड तासाची, थेट प्रक्षेपण, आपल्याकडे रात्रीचे बारा. साबुदाणा खिचडी, चहाचा थर्मास, गाद्या घातलेल्या. पहिला भाग संपला आणि पडद्यावर सगळं थांबलं. संचालक निश्चल, वादक निश्चल. मिनिट गेलं, दुसरं गेलं. "नेट गेलं," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी राउटर बंद करून पुन्हा लावला. तसं काहीच नव्हतं. या जागी किमान पाच मिनिटं थांबा असं माहलरनेच लिहून ठेवलंय आणि त्या गृहस्थांनी ते तंतोतंत पाळलं. राउटर लागेपर्यंत दुसरा भाग अर्ध्यावर आला होता.

"आपला कुठाय?" आई विचारत होती.

"येईल."

एक वाजला. मागे गायकवृंद कधीचा गप्प बसलेला होता. त्यातल्या एकाला आईने नातू म्हणून ओळखलं, पण त्याला टक्कल निघालं. शेवटच्या भागात कुठूनतरी लांबून हॉर्न ऐकू आले. ताई सोफ्यावरून उठलीच. "हा! हा आपला!"

"कुठाय?"

"दाराच्या मागे आहे. ते हॉर्न तो दाराच्या मागे वाजवून घेतोय."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. बँक मॅनेजर जांभई देत म्हणाले, "दार छान आहे."

सहायकाचं तिसरं काम कुणी कागदावर लिहीत नाही. मोठ्या उस्तादांना काही झालं तर उभं राहायचं. त्यासाठी प्रत्येक कार्यक्रमाची सगळी तयारी करून, इस्त्रीचा काळा कोट घालून, विंगेत बसायचं. हा सगळा व्यवसाय दुसऱ्याच्या सर्दीवर उभा आहे. १४ नोव्हेंबर १९४३ ला ब्रुनो वॉल्टरना फ्लू झाला म्हणून पंचवीस वर्षांचा लिओनार्ड बर्नस्टाइन तालीम न करता न्यूयॉर्क फिलहार्मोनिकपुढे उभा राहिला आणि दुसऱ्या दिवशी पेपरच्या पहिल्या पानावर आला. मार्केविच आजारी पडले म्हणून १९६० साली मेहतांना माँट्रियल मिळालं. हे कळल्यावर ताईची फार कुचंबणा झाली. देवापुढे मागायचं काय? "कुणाचं वाईट नको रे बाबा," ती हात जोडून म्हणायची, "पण साधा ताप, दोनच दिवस, औषध घेतलं की उतरेल असा."

देव ऐकत नाही, कारण ही माणसं आजारी पडत नाहीत. स्तोकोव्स्की पंच्याण्णवाव्या वर्षी गेला तेव्हा त्याच्या खिशात शंभरीपर्यंतचा करार होता. हर्बर्ट ब्लोमस्टेट नव्वदी उलटल्यावरही सिम्फन्या करत राहिले. "दिवसभर हात वर करायचे, सगळ्यांवर डोळे वटारायचे आणि स्वतः फुंकायचं काही नाही," भाऊजी म्हणतात, "मरेल कशाला माणूस?" कार्यक्रम संपल्यावर भाच्याचा फोन येतो. ताई श्वास रोखून विचारते, "कसे आहेत तुमचे सर?"

"ठणठणीत," तो मेलेल्या आवाजात म्हणतो.

सध्या तो जर्मनीतल्या एका छोट्या गावच्या ऑपेराघरात आहे. दिवसभर गायकांना पियानोवर पाठांतर करून द्यायचं आणि मधूनच एखादा कार्यक्रम स्वतः करायचा. तिथला हा जुनाच शिरस्ता. करायानची सुरुवात उल्मसारख्या लहान गावात झाली. माहलर विसाव्या वर्षी बाड हाल नावाच्या गावात उन्हाळी पाहुण्यांसाठी ऑपरेटा करत होता. आमच्या भाच्याकडे मुलांचा कार्यक्रम आला. आधी प्रोकोफिएव्हचं 'पीटर आणि लांडगा', शेवटी राडेट्स्की मार्च. व्हिएन्नाच्या नववर्षाच्या मैफलीत हाच मार्च शेवटी वाजतो आणि संचालक वळून लोकांना टाळ्यांचा ताल देतो. मेहतांनी हे पाचदा केलं असल्याचं ताई सांगतेच. इथे प्रथा अशी, की प्रेक्षकांतल्या एका मुलाला चौथऱ्यावर बोलवायचं आणि काठी त्याच्या हातात द्यायची.

सहा वर्षांचा, पुढचे दोन दात नसलेला एक पोरगा वर चढला. डावा-उजवा हात एकदम. कोपरं कुठेही. मध्येच त्याने नाक पुसलं, तेही काठीच्या हाताने. ऑर्केस्ट्रा त्याच्याबरोबर असा वाजला की ज्याचं नाव ते. भाच्यासाठी जो ट्रॉम्बोनवाला कधी कागदातून डोळे वर काढत नाही, तो खुर्चीच्या काठावर येऊन त्या पोराकडे टक लावून बघत होता. टाळ्या थांबेनात. भाचा बाजूला उभा राहून त्या मोजत असावा, अशी त्याची एकंदर मुद्रा होती.

व्हिडिओ आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिला. भाऊजींनी त्या पोराचे गुरुजी कोण ते विचारलं. ताईने फोन लावला.

"सगळं छान झालं रे. पण तो मुलगा बघ, कसा हसत होता! तू नेहमी असा का उभा असतोस, वीज बिल आल्यासारखा? तूही हसत जा की जरा."

"आई, हसायचं नसतं." रिखार्ड श्ट्राउसने तरुण संचालकांसाठी नियम लिहून ठेवलेत म्हणे: घाम तुम्हाला येता कामा नये, गरम व्हावं ते श्रोत्यांनी, आणि पितळी वाद्यांकडे कौतुकाने बघू नये. "मी हसलो की ट्रॉम्बोनवाले जोरात वाजवतात."

ताईने थोडा विचार केला.

"मग त्यांच्याकडे पाठ कर आणि आमच्याकडे तोंड करून हस," ती म्हणाली. "निदान एका फोटोत तरी येशील."